चित्र बघून जर्मन लिहिताना

म्युनिकमध्ये लहान मुलांच्या घरात एक मोठे, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक हमखास सापडते. त्याला विमेलबूख म्हणतात. पानभर बाजार, पोहण्याचा तलाव, चालू बांधकाम, त्यात माणसांची झुंबड. मजकूर जवळजवळ नाहीच. हा प्रकार लोकप्रिय केला तो याच शहरात जन्मलेल्या अली मिट्‌गुच यांनी; त्यांचे असे पहिले पुस्तक 1968 साली निघाले. पुण्या-मुंबईहून थेट इथल्या शाळेत दाखल झालेल्या मुलाला लिहिते करायला हे फार चांगले साधन आहे.

परक्या भाषेत चार ओळी लिहायच्या म्हटले की काय लिहायचे आणि कसे लिहायचे, असे दोन प्रश्न एकदम अंगावर येतात. चित्रामुळे पहिला सुटतो. कुत्र्याने एका मुलीचे आइस्क्रीम पळवले आहे, हे मूल आधी घरी मराठीत रंगवून सांगते. आईवडिलांनीही इथे मराठीतच बोलावे; मोडक्या जर्मनपेक्षा त्याचा उपयोग जास्त. मग पानावरची पाच-सहा नामे वहीत उतरतात: पुल्लिंगी निळ्या रंगात, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरव्या. तीन लिंगे मराठी मुलाला नवी नाहीत, पण ती जुळतीलच असे नाही. घर दोन्हीकडे नपुंसकलिंगी. सूर्य मात्र जर्मनमध्ये स्त्रीलिंगी. शिवाय प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठे काढायचे, आणि देवनागरीत मोठी-लहान लिपी नसल्याने ही सवय मुद्दाम लावावी लागते.

खरी कसोटी क्रियापदाची. मराठीत ते सहसा शेवटी येते, जर्मनच्या साध्या विधानात दुसऱ्या जागी; वाक्य ‘सोमवारी’ने सुरू झाले, तर लगेच क्रियापद आणि त्यानंतर कर्ता. नियम पाठ करून हे बसत नाही. एरिक कार्ल यांच्या खादाड सुरवंटाच्या पुस्तकात (1969) वारामागून वार जवळपास एकाच साच्याचे वाक्य येते. तो साचा घेऊन मुलाने सुरवंटाला आंबा, चिकू, वडापाव खाऊ घालावा. आठवडा संपेपर्यंत शब्दक्रम हाताला वळतो. अशा पुस्तकांचा आणखी एक फायदा आहे. बव्हेरियात बोलताना भूतकाळ बहुधा सहायक क्रियापद लावून केला जातो, गोष्टीतला लेखी भूतकाळ वेगळा. तो मुलाच्या कानावर मुख्यतः पुस्तक मोठ्याने वाचले की पडतो.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बघावी. आज क्रियापदाची जागा बघायची असेल, तर लिंगाच्या चुका तशाच राहू द्याव्यात. सगळी वही लाल झाली की मूल लिहिणेच सोडते.

तिसरी-चौथीत शाळेतच चित्रकथेवर लेखन येते. त्यासाठी ए. ओ. प्लाउएन यांची बापलेकाची शब्दविरहित चित्रमालिका (1934 ते 1937) आजही वापरली जाते. शेवटचे चित्र झाकून मुलाला शेवट लिहायला द्यावा. दोन चित्रांच्या मधे काय घडले आणि का, हे सांगायला कारण देणारे गौण वाक्य लागते. आणि त्यात जर्मन क्रियापद मराठीसारखेच शेवटी जाते.