धूळ उठते तिथंच धरावी

आमच्या घरी एका सागवानी कपाटावरून चांगलंच महाभारत झालं. कपाट माझ्या सासऱ्यांचं. ते इथं ठाकुर्लीलाच, रेल्वेच्या पॉवर हाऊसमध्ये नोकरीला होते. पॉवर हाऊस बंद पडून कितीतरी वर्षं लोटली, सासरेही गेले. पण क्वार्टर सोडताना आणलेलं कपाट सासूबाईंच्या खोलीत ठाण मांडून आहे. पॉलिश पार काळवंडलेलं, दारं चिकटणारी. "माझ्या डोळ्यांदेखत ते नीट करा रे," एवढंच त्यांचं मागणं.

ह्यांनी निवृत्तीनंतर हौसेनं विजेवर चालणारा सँडर घेतला होता. सुतारानं दिवसभर पॉलिश पेपर घासून करायचं काम हे यंत्र तासाभरात करतं. मागे एक छोटीशी कापडी पिशवी. "सगळा भुसा ह्यात जातो," हे म्हणाले. मीही मान डोलावली.

अर्ध्या तासात देव्हारा, टीव्ही, वरणाचं पातेलं, सगळ्यावर पिठासारखा थर! पण खरी धास्ती पुढेच होती. सासूबाईंना जुना दमा. त्या रात्री अशी धाप लागली, की आम्ही दोघांनी त्यांना टेकवून बसवून रात्र काढली. सकाळी डॉक्टर म्हणाले, "दिसते ती धूळ खाली बसते हो. न दिसणारी तासन्‌तास हवेत राहते नि थेट फुप्फुसात जाते." जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तर १९९५ सालीच लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात बसवलं आहे. मग दमेकऱ्यांचंच काय, चांगल्या माणसानंही जपायला हवं.

घरी आल्यावर सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "विकून टाका ते कपाट." मला भरून आलं. हे काही न बोलता सँडर माळ्यावर ठेवायला चढले. तिथंच आमचा व्हॅक्यूम क्लीनर पडला होता. आणि माझ्या मनात आलं, फोडणीचा धूर घरभर झाल्यावर का आपण तो काढत बसतो? शेगडीच्या वरच पंखा लावतो ना! मग धूळही उठते तिथंच का धरू नये?

"अहो, ह्याची नळी त्याला लावता येईल का?" हे आधी हसले, मग विचारात पडले.

दोघांची तोंडं वेगवेगळ्या मापाची. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला नि दोन्हीकडून पट्टीच्या क्लिपा आवळल्या. पाच रुपयांचंही काम नाही! पण बारीक धुळीनं व्हॅक्यूमची कागदी पिशवी लगेच तुंबते, ओढ कमी होते, मोटर तापते. म्हणून मध्ये रंगाची जाड, घट्ट झाकणाची रिकामी बादली ठेवली. झाकणाला दोन भोकं. सँडरकडून येणारी नळी आत बादलीच्या कडेला वळवलेली. व्हॅक्यूमकडे जाणारी मधोमध. हवा गरगर फिरते, भुसा तळाशी बसतो. बादली पातळ असली तर ओढीनं आत चेपते, बरं का.

आणखी काही गोष्टी आम्ही ठेचा खाऊन शिकलो. सँडरच्या तळाला भोकं असतात. पॉलिश पेपरची भोकं त्यांच्यावर तंतोतंत बसली नाहीत, तर धूळ ओढलीच जात नाही. आधी व्हॅक्यूम सुरू करायचा, मग सँडर. बंद करताना उलट. आमचा सँडर ३०० वॅटचा, व्हॅक्यूम १२०० चा. दोन्ही मिळून साडेसहा अँपिअर होतात, तेव्हा ६ अँपिअरच्या एका प्लगवर दोन्ही लावू नयेत. १६ चा प्लग हवा. आणि एवढं करूनही नाकावर एन-९५ मास्क हवाच. पदर किंवा रुमाल उपयोगाचा नाही.

कपाटाच्या आतल्या फळ्यांना जुना ऑइलपेंट होता. त्याला मात्र यंत्र लावलं नाही. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांत ते दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे २०१७ पासूनच लागू झाला. तिथं वॉटर पेपर ओला करून हातानं घासलं नि चिखल ओल्या फडक्यानं टिपून घेतला.

काम गॅलरीत, दार लावून केलं. सासूबाईंना तरीही त्या दिवशी नणंदेकडे डोंबिवलीला धाडलं होतं. परीक्षा कशाला पाहायची? दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मी आदल्या रात्री मुद्दाम न पुसलेल्या देव्हाऱ्यावरून त्यांनी बोट फिरवलं, बोट पाहिलं नि काही बोलल्या नाहीत. मग कपाटाचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

बादली कोण रिकामी करतं म्हणाल? हेच. इतकी वर्षं धूळ ह्यांनी उडवायची नि मी झाडायची, असा शिरस्ता होता. तोही त्या कपाटाबरोबर घासून निघाला!