घरीच असते

‘घरीच असते’ या दोन शब्दांइतकी साधी, आणि तरी शाळामास्तराला कोड्यात पाडणारी दुसरी जोडी मला ठाऊक नाही.

अकोल्याला माझे एक स्नेही आहेत. नवराबायको दोघेही शिकलेली, घरात पुस्तकांची कपाटे, आणि नुकते सहावे लागलेली मुलगी अशी चौकस की, काही विचारू नका! गेल्या दिवाळीत फराळाची बशी पुढे सारीत ते म्हणाले, “सर, हिला शाळेत न घालता घरीच शिकवावे म्हणतो. कायदा आडवा येईल का?” शाकाहाराचा सल्ला खाटकाकडे मागावा, तशातलाच हा प्रकार! तरी ठाऊक होते ते सांगितले.

2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे त्याने आईबापांचे कर्तव्य ठरवले. ते चुकल्यास त्यांना शिक्षा मात्र त्या कायद्यात सांगितलेली नाही. घरच्या शिक्षणाचे त्यात नावच नाही. पुढे मन बदलले, तर शाळेने मुलीला तिच्या वयाला साजेशा वर्गात घ्यावे, अशी सोय आहे. 14 वर्षे पुरी झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीला बसता येते. एका नोंदणीवर 5 वर्षांत 9 संधी. राज्य मंडळाचा 17 नंबरचा अर्जही आहे, आणि वऱ्हाडासाठी मंडळाची कचेरी अमरावतीलाच. पण तो अर्ज शाळा सोडल्याचा दाखला मागतो. जी शाळेत गेलीच नाही, तिने सोडायचे काय?

कागदावाचून मात्र अडते. मुंबईची मालविका जोशी शाळा सोडून घरी शिकली, संगणकाच्या ऑलिंपियाडमध्ये पदके मिळवून 2016 साली अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. बारावीच्या दाखल्याअभावी आपल्या आयआयटीचे दार तिला बंद होते.

“मग कायद्याने एकदाचे ‘हो’ का म्हणू नये?” स्नेह्यांनी विचारले.

त्याचे उत्तर अमरावतीकडच्या माझ्या वर्गात आहे. कापसाची बोंडे फुटली की बाके रिकामी होऊ लागतात. मी घरोघर जाऊन विचारतो, “पोरगी कुठे आहे?” उत्तर ठरलेले, “घरीच हाये जी मास्तर. लहान्याले पाहते.” आई वेचणीला गेलेली, दहा वर्षांची पोर भावाला कडेवर घेऊन चुलीपाशी. तीही घरीच असते!

कायद्याला घरातली पुस्तके दिसत नाहीत आणि चुलीचा धूरही दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त हजेरीपट, आणि त्यावर या दोघी सारख्याच गैरहजर. अकोल्याच्या मुलीसाठी दार सताड उघडले, तर त्यातून माझ्या वर्गातल्या किती पोरी निमूटपणे बाहेर जातील, या विचाराने मी धास्तावतो.

म्हणून वाटते, परवानगी खुशाल द्यावी. पण घरी शिकणाऱ्या मुलाची नोंद व्हावी. वर्षातून एकदा कुणीतरी त्याच्या घरी जावे. काय वाचतोस, कुणाशी खेळतोस, एवढेच आपुलकीने विचारावे. अकोल्याच्या घरी त्या माणसाला चहा मिळेल. माझ्या गावच्या अंगणात त्याला हरवलेले एक मूल सापडेल.