दोष किल्लीचा की हाताचा?

विद्यार्थी मित्रहो, भाषाविज्ञानाच्या अभ्यासात ‘काल’ आणि ‘काळ’ यांसारख्या जोड्या तुम्हांला भेटल्या असतील. बाकीचे ध्वनी तेच ठेवायचे, एकच ध्वनी बदलायचा आणि अर्थ बदलतो का ते पाहायचे. अर्थ बदलतो, म्हणून ‘ल’ आणि ‘ळ’ हे मराठीत वेगळे स्वनिम ठरतात. ही पद्धत मी कित्येक वर्षे शिकवत आलो. वर्गाबाहेर ती वापरायला मात्र मला एका जुन्या मोटारीने शिकवले.

वडिलांची १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आमच्या अंगणात उभी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीला घरात सगळे ‘फियाट’च म्हणतात. ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर वडिलांनी गाडी चालवणे सोडले. परंतु दर रविवारी सकाळी तिचे इंजिन सुरू करून थोडा वेळ आत बसण्याचा नेम त्यांनी सोडला नव्हता. गेल्या वर्षी इग्निशनचे कुलूप अडू लागले. किल्ली आत जाई, पण फिरत नसे. वडिलांचा हात कापतो, हे सर्वांना दिसत होते. “बाबा, आता राहू द्या,” असे म्हणून मी किल्ली माझ्याकडे घेतली. ते काही बोलले नाहीत. माझ्या हातातही ती किल्ली कधी फिरे, कधी अडे. पण माझ्या हाताला मी दोष दिला नाही.

एके दिवशी मी पक्कड लावून जोर केला, तेव्हा किल्ली किंचित वाकली. ओसरीवरून वडील म्हणाले, “जोर करू नकोस. कपाटात गाडीच्या कागदांबरोबर दुसरी किल्ली आहे, ती लावून बघ.” ती किल्ली गाडी घेतल्यापासून कधी वापरलीच नव्हती. मी ती त्यांच्याच हाती दिली. तोच कापरा हात, तेच कुलूप. बदलली होती फक्त किल्ली. ती फिरली.

अशा कुलपाच्या आत स्प्रिंगवर बसवलेली पातळ पाती असतात. किल्लीच्या खाचा त्यांना एका रेषेत आणतात, तेव्हाच आतला दंडगोल फिरतो. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने खाचा झिजल्या की पाती रेषेत येत नाहीत. झिजलेल्या किल्लीवरून नवी कापून घेतली, तर झीजही नव्या किल्लीत उतरते. म्हणून नमुना न वापरलेल्या किल्लीचाच द्यावा.

तरीही किल्ली थोडी जड फिरत होती. त्याचे कारण मीच होतो. काही महिन्यांपूर्वी मी कुलपात शिलाई यंत्राचे तेल सोडले होते. तेलाने धूळ धरली आणि पाती चिकटू लागली. मी बॅटरीची तार सोडवली, विद्युत जोडण्या साफ करण्याचा फवारा आत मारला, कुलूप पूर्ण वाळू दिले आणि मग ग्राफाइटची थोडी पूड सोडली. नावात शिसे असले, तरी शिसपेन्सिलीतही ग्राफाइटच असते. कोरडे असल्याने ते तेलासारखी धूळ धरत नाही.

मित्रहो, कुलूप अडले तर आधी दुसरी किल्ली लावून पाहा, मग कुलूप स्वच्छ करा आणि मगच ते बदलण्याचा विचार करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे दोष कोठे आहे ते कळते. मी मात्र काहीही न बदलता निर्णय दिला होता, कारण म्हाताऱ्या माणसाच्या हातावर दोष ठेवणे सोपे होते.

पुढच्या रविवारी मी नवी किल्ली वडिलांपुढे ठेवली आणि क्षमा मागितली. ते म्हणाले, “हात कापतो, हे खरेच आहे.” मग चपला घालून ते अंगणात गेले. मी आतच थांबलो. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज आला.