डब्यातला हिरवा

मालवणातून तारकर्ली-देवबागच्या रस्त्याला लागा. दुतर्फा पाट्या, आणि प्रत्येकीवर तेच चौघे: बुरूज, माड, उसळणारा डॉल्फिन आणि स्कुबाचा मुखवटा चढवलेला माणूस. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पर्यटन वाढलं, पण पाट्या एकमेकींच्या नकला होत गेल्या. म्हणून जुन्या होडीवाल्याच्या किंवा निवास-न्याहारीवाल्याच्या पाटी-लोगोचं काम आलं, की आधी मी या चौघांना बाहेर काढतो.

असंच एक काम. वडिलांची सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणारी होडी, मागाहून बांधलेल्या खोल्या. मुलाला इंग्रजी नाव आणि ‘मॉडर्न’ लोगो हवा होता. वडील एवढंच म्हणाले, “होडयेचो रंग बदललास तर पावणे माका वळखतले कशे?” मला त्यांचं पटलं. मुंबईचे चाकरमानी नाव विसरतात, पण ‘जेटीवर हिरव्या पट्ट्याची होडी बघ’ असं एकमेकांना सांगतात. शिवाय गूगल मॅपवरचे वर्षानुवर्षांचे अभिप्राय जुन्याच नावावर. नाव ठेवलं, पट्टाही ठेवला.

खरं काम अक्षरांचं होतं. जुनी पाटी कुणा पेंटरने ब्रशने रंगवलेली. ‘व’चं पोट जरा जास्तच फुगीर, शिरोरेषा उजवीकडे किंचित चढलेली. संगणकावर ती सरळ केली तर नाव परक्याचं वाटू लागलं. मग अक्षरं बटरपेपरवर जशीच्या तशी उतरवली. फक्त मधली जागा मोकळी केली, कारण आता ती व्हॉट्सअ‍ॅपच्या नखाएवढ्या गोलातही वाचता यायला हवीत. होडीसाठी पत्र्याचं स्टेन्सिल कापलं, तिथे देवनागरीने छळलं. ‘व’, ‘ब’ यांच्या पोटातला पत्रा कापताक्षणी गळून पडतो. त्याला धरून ठेवायला बारीक पूल सोडावा लागतो, तोही अक्षराच्या वळणात मुरेल अशा जागी. सगळ्यात जास्त वेळ या पुलांनीच खाल्ला.

रंग मात्र स्क्रीनवर निवडलाच नाही. बाजारातल्या दुकानात ऑइलपेंटचं शेडकार्ड उघडलं आणि पट्ट्याच्या सर्वांत जवळचा हिरवा घेतला. खाऱ्या वाऱ्यापुढे कुठलाच रंग टिकत नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढतात आणि सीझनआधी पुन्हा रंगवतात. मी खास मिसळून दिलेली छटा पुढच्या वर्षी कोण बनवणार? डब्यातला हिरवा मालकाला केव्हाही मिळतो.

काय ठेवायचं आणि काय काढायचं, याचं एक उदाहरण हाताशी होतं. २ सप्टेंबर २०२२ ला भारतीय नौदलाने नवा ध्वज घेतला. सेंट जॉर्जचा क्रॉस गेला, शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. कोपऱ्यातला तिरंगा मात्र राहिला. महाराजांनी १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला, तिथेच आमची ही होडी जाते. काय काढायचं यावर मुलाशी वाद झाला, की मी त्याला हाच ध्वज दाखवायचो.

तुमच्या घरचा असा जुना धंदा असेल, तर डिझायनरला मे महिन्याच्या गर्दीत बोलावू नका. ऑगस्टमध्ये बोलवा, होड्या रंगवत असताना, आणि त्याच्या हातात ब्रश द्या.