सुटणाऱ्या गाठी

बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेले, तेव्हा पेशी हा विषय आयुष्यातून गेला असं वाटलं होतं. आजीला अल्झायमर असल्याचं कळलं आणि तो परत आला. वाचता वाचता शाळेतलं एक नाव भेटलं: गॉल्गी संकुल. कामिल्लो गॉल्गी या इटालियन डॉक्टरने १८९८ साली चेतापेशींमध्ये पाहिलेलं. एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या, ही आकृती तुम्हीही काढली असेल. पेशीत तयार झालेली प्रथिनं इथे येतात, त्यांच्यावर साखरेच्या साखळ्या चढतात आणि ती आपापल्या पत्त्यावर रवाना होतात.

पण या पिशव्या एकत्र राहतात कशा? भोवती ना भिंत, ना साचा.

आमच्या रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे असतात. प्रत्येकजण वेगळा तरंगतो, पण दोराने शेजारच्याला बांधलेला. गॉल्गीतही असे दोर आहेत. 'गॉल्जिन' गटातली लांबलचक प्रथिनं माल घेऊन येणाऱ्या इवल्या पिशव्यांना पकडतात. 'ग्रास्प६५' आणि 'ग्रास्प५५' ही प्रथिनं पडद्याला चिकटून समोरच्या पडद्यावरच्या जोडीदाराला धरतात. ही गाठ पिशव्यांची चळत रचते, की तयार चळती एकमेकींना जोडते, यावर संशोधकांमध्ये वाद आहे.

गंमत म्हणजे ही गाठ सुटणारी आहे. पेशीचं विभाजन होताना काही एन्झाइम ग्रास्पवर फॉस्फेट चिकटवतात, पकड सुटते, गॉल्गीचे तुकडे दोन्ही पेशींत वाटले जातात. नंतर फॉस्फेट निघतं आणि चळत पुन्हा उभी राहते.

मग एवढी रचना हवीच कशाला? खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये ज्या यीस्टवर गॉल्गीचं संशोधन झालं, त्या यीस्टमध्ये या पिशव्या सुट्ट्याच विखुरलेल्या असतात आणि त्याचं छान चालतं. पण आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांच्या पेशींतून ग्रास्प कमी केले, तेव्हा काही प्रथिनं उलट लवकर बाहेर पडली, मात्र साखरेच्या साखळ्या नीट न चढता. डिलिव्हरी वेळेआधी, टेस्टिंग गुंडाळलेलं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आजीच्या चेतापेशी आता विभागत नाहीत, म्हणजे तिथे गाठ सुटायचं कारणच नाही. तरी अल्झायमरमध्ये गॉल्गी विस्कटलेलं सापडतं. २०१४ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी यातला एक दुवा दाखवला. अमायलॉइड बीटा साचलं की सीडीके५ नावाचं एन्झाइम जास्त सक्रिय होतं आणि ग्रास्प६५वर फॉस्फेट लावतं. गॉल्गी तुटतं, आणि तुटलेल्या गॉल्गीमुळे अमायलॉइड आणखी वाढतं. फॉस्फेट लागूच शकणार नाही असं ग्रास्प६५ पेशींत घातल्यावर गॉल्गी सावरलं, अमायलॉइडही कमी झालं.

"मग आजीला याचा उपयोग काय?" आईने विचारलं.

आत्ता काहीच नाही. हा प्रयोगशाळेतल्या पेशींमधला निकाल आहे, औषध नव्हे.

आजी मला हल्ली आत्याच्या नावाने हाक मारते. शेजारच्या काकू म्हणतात, वय झालं की व्हायचंच. मला ते पटत नाही. आत काहीतरी नको तेव्हा सुटत चाललंय, आणि त्यातली एक गाठ नेमकी कुठे सुटते, हे कुणीतरी बघून ठेवलंय.