गदा आणि घरांतील लेक

‘महाराष्ट्र केसरी’ची गदा म्हणजे मल्लांच्या वर्षभराच्या मेहनतीचें शिखर. सन २०२२ मध्यें ही स्पर्धा आमच्या साताऱ्यास भरली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटील यांनीं विशाल बनकर यांस हरविलें, त्याचें घरांत सर्वांस कौतुक वाटलें. पुढील मार्चमध्यें सांगलीस स्त्रियांची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ झाली. तींत कल्याणच्या वैष्णवी पाटील हिला नमवून सांगलीचीच प्रतीक्षा बागडी विजयी झाली. तेव्हांपासून आमची नात तालमीस जाऊं म्हणते, आणि घरच्या वडीलधाऱ्या बायका ‘हिचें लग्न कसें जमावें?’ म्हणून धास्तावतात. आमचें मत असें कीं, मुलाचे दंड कौतुकानें पाहणाऱ्या घरानें मुलीच्या दंडांस भिऊं नये. बळकट देह हें स्त्रीधनच. तें सासरींही तिचेंच राहील. तालमीची फी आम्हीं आमच्या पेन्शनींतून भरली आहे.