दुसऱ्याच्या धान्यातले खडे

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. वेळ मिळत नाही म्हणायची सोय नाही, कारण मी रात्री साडेअकरापर्यंत कॉम्प्युटरपुढे असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ऑफिसवाले मला राबवून घेतात असा आत्याचा ठाम समज. हे ऑफिसचं काम नाही आणि याचे पैसेही मिळत नाहीत, असं परवा सांगितलं तर ती जास्तच काळजीत पडली :) तेव्हा आजचं लिखाण मुख्यतः तिच्यासाठी. जाणकार मंडळींनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालेल.

तर आत्या, डेबियन नावाची एक फुकट मिळणारी प्रणाली आहे. इयन मर्डॉक नावाच्या एका विद्यार्थ्याने ती १९९३ साली सुरू केली. तिच्यात हजारो पॅकेजेस आहेत आणि ती सांभाळणारे जगभर विखुरलेले हौशी लोक. त्यातली पायथॉन भाषेची सात छोटी पॅकेजेस माझ्याकडे आहेत. त्यांतला कोड मी लिहिलेला नाही. वाणी डाळ पिकवत नाही, पण पाखडून, खडे काढून बरणीत भरतो ना, तसं. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की ती आणायची, रिकाम्या कोऱ्या वातावरणात बांधून बघायची, टेस्ट चालवायच्या, परवान्याचा मजकूर तपासायचा, मग ती 'अनस्टेबल'मध्ये सोडायची. तिथे सगळं ठीक राहिलं तर काही दिवसांनी ती 'टेस्टिंग'मध्ये जाते. (अनस्टेबलचं कायमचं नाव सिड. टॉय स्टोरी सिनेमातल्या खेळणी मोडणाऱ्या पोरावरून ठेवलंय. अगदी योग्य.)

आणि एकदा 'स्टेबल' निघाली की तिच्यात नवीन आवृत्त्या घालायच्या नाहीत. सुरक्षेची त्रुटी सापडली तर नवीन आवृत्तीतली दुरुस्ती जुन्या कोडात बसवायची. पॅच म्हणजे अक्षरशः ठिगळच. कापड जुनं आणि ठिगळ नवं, की शिवताना फार जपावं लागतं.

सगळ्यात जास्त काम काढते ती खुद्द भाषाच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथॉन ३.१३ आली आणि तिने जुनी अडगळ म्हणून बरीच मॉड्यूल्स काढून टाकली. त्यात 'सीजीआय' होतं. आता सीजीआय पद्धतीने वेबसाइट कोण चालवतं, हे खरंच. पण त्या मॉड्यूलमध्ये हेडर फोडून वाचायचं एक लहानसं फंक्शन होतं आणि अनेक लायब्ररी तेवढ्यासाठीच ते वापरत होत्या. माझ्याकडची एक त्यातलीच. तेच काम ईमेलच्या मॉड्यूलकडून करून घेता येतं, त्यामुळे दुरुस्ती दहाएक ओळींची. पण ती झाली नाही तर पॅकेज टेस्टिंगमधून काढलं जाणार, आणि त्याच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेसही त्याच्याबरोबर बाहेर. मार्च २०२५ पासून डेबियन १३ ची गोठवणी सुरू होणार होती. म्हणजे हातात चार-पाच महिने.

पॅच लिहून मी मूळ लेखकाला पाठवला. दुसऱ्या देशातले निवृत्त गृहस्थ, आमची कधी भेट नाही, पण कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पत्नी आजारी आहे, कॉम्प्युटरपुढे बसणं होत नाही. आणि खाली एक प्रश्न: एक जण लायब्ररी पुढे चालवायला तयार आहे, सगळे अधिकार मागतोय, तुम्ही याला ओळखता का?

मी ओळखत नव्हतो. स्वतःला विद्यार्थी म्हणवत होता. नाव नेहमीचं, चार महिन्यांत पाठवलेले पाच-सहा पॅच, सगळे नीटनेटके.

२०२४ च्या आधी मी बिनदिक्कत 'द्या' म्हणालो असतो. पण त्या वर्षी मार्चमध्ये एक्सझेडचं प्रकरण झालं. एका थकलेल्या, एकट्याने काम सांभाळणाऱ्या माणसाला एकाने दोन-अडीच वर्षं मदत केली, विश्वास मिळवला, आणि मग ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. तो आमच्या सिडपर्यंत पोचलाही होता. आन्द्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचं कुतूहल वाटलं, म्हणून सापडलं. त्या चोरदरवाजाचा महत्त्वाचा तुकडा उघड्या कोडात नव्हताच, फक्त बांधून दिलेल्या गाठोड्यात होता. म्हणजे आम्ही जे गाठोडं विश्वासाने उचलतो त्यातच. तेव्हापासून मी दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघतो. कंटाळवाणं काम आहे, आणि साडेअकरा त्यामुळेच वाजतात.

पण दुसरी बाजूही दिसतच होती. मीही कधीतरी असाच अनोळखी मुलगा होतो. नांदेडहून पाठवलेला माझा पहिला पॅच कुणीतरी निव्वळ वाचून घेतला होता, मी कोण हे न विचारता. आणि तो विद्यार्थी खरंच विद्यार्थी असेल, तर एका आजारपणाने गांजलेल्या माणसाचं ओझं तो उचलू बघत होता. त्यालाच संशयाने बघायचं?

शेवटी मी त्या गृहस्थांना लिहिलं की किल्ल्या स्वतःकडेच ठेवा. त्याने पॅच पाठवत राहावं, मी प्रत्येक ओळ वाचीन, आणि तुम्ही महिन्यातून एकदा बसून फक्त स्वीकारा. तेवढंही झालं नाही तर प्रकल्प बंद झाला असं जाहीर करा, डेबियनपुरतं मी बघतो. त्या मुलालाही कारणासकट हेच कळवलं. मला हे आजही बरोबर वाटतं. त्याला वाटलं नसावं, कारण त्याचं काहीच उत्तर आलं नाही.

माझा पॅच वेळेत गेला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ निघाली तेव्हा ते पॅकेज तिच्यात होतं.

गेल्या आठवड्यात त्या मुलाचा पॅच आला, इतक्या महिन्यांनी. सव्वीस ओळी. तारखांच्या हिशोबातली एक जुनी चूक त्याने पकडली होती, जी मला कधी दिसली नव्हती. दोनदा वाचला, टेस्ट चालवल्या, त्या गृहस्थांकडे पाठवला. मुलाला आभाराचं पत्र लिहिलं, आणि घाईत वाटू नये म्हणून जरा मोठंच लिहिलं. अजून उत्तर नाही.